यंत्राची ओव्हरहॉलिंग होते, माणसाची कधी?
(कामगार आणि ऊसतोडकरी यांच्या आरोग्याविषयी सभासदांसाठी चार गोष्टी)



गाळप संपले की आपला कारखाना गप्प होतो, पण काम थांबत नाही. मिलचे रोलर काढतात, बॉयलरच्या नळ्या तपासतात, टर्बाइन उघडतात, पट्टे बदलतात. त्याला आपण ओव्हरहॉलिंग म्हणतो आणि त्याच्या खर्चाला वार्षिक सभेत कोणी फारशी हरकत घेत नाही. कारण प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, की ऐन हंगामात मिल बंद पडली तर फडातला तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो आणि नुकसान शेवटी आपल्याच बिलात येते.

पण मिल चालवतो कोण? बॉयलरपुढे उभा राहतो कोण? पॅनवर साखरेचा दाणा कोण बघतो? आणि पहाटेच्या थंडीत आपल्या उसात कोयता घेऊन कोण शिरतो? ही माणसेही पाच-सहा महिने रात्रंदिवस चालतात. त्यांची ओव्हरहॉलिंग कधी होते, हा प्रश्न आपण क्वचित विचारतो.

कोणी म्हणेल, "अहो, ते कारखान्याच्या ऑफिसानं बघायचं, आमचा काय संबंध?" संबंध आहे, आणि तो सरळ आहे. खाजगी कारखान्याचा मालक एक असतो. सहकारी कारखान्याचे मालक आपण हजारो सभासद आहोत. शिवाय दुसरी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. गिरणीतल्या किंवा इतर बारमाही कारखान्यातल्या कामगाराला राज्य कामगार विमा योजनेचा दवाखाना असतो. हंगामी कारखान्याला ती योजना लागू होत नाही, आणि १९४८ च्या मूळ कायद्यातच साखर व गूळ तयार करण्याचा धंदा हंगामी म्हणून नोंदला गेला. म्हणजे निव्वळ साखर करणाऱ्या कारखान्याच्या कामगाराला तो आधार मुळातच नाही. त्याच्या आजारपणाची काळजी कारखान्याने घेतली तर घेतली, नाहीतर त्याची त्याने.

कारखान्याच्या आत काय असते?

सभासद काट्यापर्यंत येतो, फार तर गव्हाणीपर्यंत. आत कोणत्या खात्यात कसला त्रास असतो, ते थोडक्यात पाहू.

उष्णता. बॉयलर, ज्यूस हीटर, इव्हॅपोरेटर आणि पॅन या चारही ठिकाणी वाफेचा कारभार. तिथे आठ तास काम करणाऱ्याच्या अंगातून घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातात. आधी पायात गोळे येतात, डोके दुखते, मळमळते. दुर्लक्ष केले तर माणूस बरळायला लागतो, अंग तापते आणि शुद्ध हरपते. हा उष्माघात. त्यात जीव जातो. अशा माणसाला ताबडतोब गारव्याला आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि दवाखान्यात हलवावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. ते छातीत जाते.

नवा माणूस पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी भट्टीपुढे उभा करणे धोक्याचे. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. हंगामाच्या आरंभी जुन्या कामगारालाही ही सवय नव्यानेच करावी लागते, कारण मधल्या महिन्यांत ती मोडलेली असते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पाळीच्या पाचव्या हिश्श्याइतकेच उष्ण जागी काम द्यावे आणि मग रोज तेवढेच वाढवत न्यावे, असे व्यवसाय-आरोग्याचे जाणकार सांगतात.

बगॅस. मिलमधून नुकताच निघालेला बगॅस ओला असतो, जवळजवळ निम्मे पाणीच. त्याचा फारसा त्रास नाही. त्रास जुन्या, ढिगात राहिलेल्या बगॅसचा. ढीग आतून तापतो आणि त्यात उष्णतेत वाढणारे सूक्ष्म जंतू व बुरशी धरते. असा ढीग उपसताना जी बारीक भुकटी उडते, ती छातीत खोल जाते. मग चार ते आठ तासांनी ताप, थंडी, कोरडा खोकला आणि धाप. कामगार समजतो हिवताप झाला किंवा थंडी बाधली. दोन दिवस घरी राहिला की बरे वाटते, कामावर आला की पुन्हा तेच. या रोगाला बगॅसोसिस म्हणतात आणि व्यावसायिक रोगांच्या कायद्यातील यादीत त्याचे नाव आहे. वर्षानुवर्षे अंगावर काढला तर फुप्फुसे कायमची आखडतात.

सहवीजनिर्मितीमुळे आता बगॅस जपून ठेवावा लागतो, म्हणून हा धोका कमी झालेला नाही. उपाय साधे आहेत. ढीग उपसण्याआधी पाणी मारावे, जिथे जमेल तिथे हातांऐवजी यंत्राने काम करावे आणि माणसाला चांगला मास्क द्यावा. तोंडाला गुंडाळलेला पंचा मोठे कण अडवतो, पण ही बारीक भुकटी त्यातून आरपार जाते.

गंधक, चुना आणि कॉस्टिक. रस स्वच्छ करताना गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात. तो धूर गळती होऊन बाहेर आला तर डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि दम्याच्या माणसाला भारी पडतो. चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. इव्हॅपोरेटर धुताना वापरायचा कॉस्टिक कातडी जाळतो. तिन्ही ठिकाणी चष्मा, हातमोजे आणि हाताशी भरपूर पाण्याचा नळ पाहिजे. डोळ्यात काही गेले तर पंधरा-वीस मिनिटे सतत पाण्याने धुवावे आणि मगच दवाखान्याकडे निघावे. कोणी तेल-तूप घालायला सांगितले तर ऐकू नये.

आवाज. मिल आणि टर्बाइन यांच्याजवळ किती आवाज आहे, हे कळायला यंत्र लागत नाही. तीन फुटांवरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर तो आवाज कानाला धोक्याचा. बहिरेपण हळूहळू येते आणि दुखत नाही, म्हणून कळत नाही. घरची मंडळी म्हणू लागतात, "रेडिओ किती मोठ्यानं लावता!" तेव्हा फार उशीर झालेला असतो. आवाजाने गेलेले कान कोणत्याही औषधाने परत येत नाहीत. कानात घालायचे बोळे अगदी स्वस्त असतात, फक्त ते वापरले गेले पाहिजेत.

टाक्या. मळीची टाकी, सांडपाण्याची टाकी, डिस्टिलरीची टाकी, ही नावे सर्वांत जपून घ्यावीत. रिकामी दिसणारी टाकी रिकामी नसते. आत विषारी वायू साचलेला असतो, किंवा श्वासापुरती हवाच नसते. माणूस उतरतो आणि क्षणात कोसळतो. त्याला काढायला दुसरा उडी घेतो, मग तिसरा. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेच अधिक दगावतात, हा जगभरचा अनुभव आहे. म्हणून नियम एकच. वायू तपासल्याशिवाय, हवा खेळती केल्याशिवाय, कमरेला दोर आणि वर पहारेकरी असल्याशिवाय, लेखी परवानगीविना कोणीही टाकीत उतरायचे नाही. साहेबाने सांगितले तरी नाही.

साखरेची धूळ. साखर खायला गोड, पण तिची बारीक धूळ हवेत दाटली आणि ठिणगी मिळाली तर दारूसारखी उडते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी असाच स्फोट होऊन १४ कामगार मेले. ग्रेडर आणि पोती भरण्याच्या खोलीत तुळयांवर, दिव्यांवर धूळ साचू न देणे हे झाडूवाल्याचे किरकोळ काम समजू नये.

रात्रपाळी. कारखाना तीन पाळ्यांत चालतो. रात्री जागणाऱ्याची झोप दिवसा पुरी होत नाही, जेवणाच्या वेळा बिघडतात, पित्त होते. ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांचे औषध चुकते. झोप आवरायला तंबाखूचा बार भरला जातो आणि हंगाम संपला तरी तंबाखू सुटत नाही. पहाटे दोन ते पाच ही वेळ चुकांची. यंत्राशी खेळ त्याच वेळी महाग पडतो.

फडातला कामगार कोणाचा?

इथवर कारखान्याच्या भिंतीच्या आतले झाले. पण आपल्या धंद्यातले सर्वांत कष्टाचे काम भिंतीच्या बाहेर, आपल्या स्वतःच्या शेतात होते. ऊसतोडकरी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागातून येतो. त्याचा करार मुकादमाशी, मुकादमाचा करार वाहतूकदाराशी किंवा कारखान्याशी. कारखाना म्हणतो तो मुकादमाचा माणूस, मुकादम म्हणतो तो कारखान्याचा, आणि शेतकरी म्हणतो, "आमचा तर नव्हेच!" आजारी पडला की तो कोणाचाच नसतो.

नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधी घेतलेली, मजुरी टनावर. एक दिवस बसला तर त्या दिवसाचे उत्पन्न नाही, वर खाडा म्हणून दंड. अशा हिशोबात आजारपणाला जागाच उरत नाही. त्यातही बाईचे हाल अधिक. पहाटे भाकरी, मग फड, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची, रात्री पुन्हा चूल. आडोसा नाही, न्हाणी नाही, शौचाला जागा नाही. म्हणून बाई दिवसभर पाणी पीत नाही, लघवी अडवून धरते, आणि त्यातून मूत्रमार्गाचे आजार जडतात. पाळीच्या दिवसांत कपडा बदलायलाही ओसाड बांध शोधावा लागतो.

याचा शेवट कुठे झाला तो साऱ्या महाराष्ट्राने २०१९ साली पाहिला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा बायकांमागे एक. त्याआधीच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशभराचे हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते.

पिशवी काढली म्हणजे कटकट गेली, पाळी नाही आणि खाडाही नाही, अशी समजूत पसरली. पण तरुण वयात गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि जिला कष्ट करता यावेत म्हणून हे केले तिलाच कष्ट झेपेनासे होतात. हा आजार बाईच्या शरीरातला कमी आणि आपल्या तोडणीच्या व्यवस्थेतला जास्त, असे म्हटले तर चूक होणार नाही. आपल्या पोत्यातल्या साखरेला ही किंमत कोणीतरी दिलेली आहे.

पाणी, सावली, विसावा

यावर उपाय नाही असे नव्हे. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा आणि एल साल्व्हाडोर या देशांत ऊसतोडकऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा एक रोग मोठ्या प्रमाणात आढळला. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी ऐन तरुण माणसांची मूत्रपिंडे निकामी होत होती. कडक उन्हात पाण्यावाचून केलेले कष्ट हे त्याचे एक मोठे कारण असावे, असे संशोधकांचे मत पडले.

मग २०१४-१५ च्या हंगामात एल साल्व्हाडोरमध्ये एका कारखान्याच्या तोडणीत प्रयोग केला. प्रत्येकाला बरोबर नेता येईल असे पाणी दिले, फडाजवळ हलवता येणारी सावली उभी केली, ठराविक वेळाने सक्तीचा विसावा दिला आणि कोयत्याची घडण सुधारली. तोडकऱ्यांना भीती होती की विसाव्यामुळे टनेज घटेल, कारण त्यांचीही मजुरी कामावरच. घडले उलटे. जिथे माणशी दिवसाला ५.१ टन तोड होत होती, तिथे ती ७.३ टनांवर गेली, आणि उन्हाच्या त्रासाच्या तक्रारी कमी झाल्या.

आपल्याला यात नवल वाटू नये. भर उन्हात बैलाला पाणी न दाखवता दिवसभर औत चालवणारा शेतकरी आपल्या गावात शहाणा समजला जात नाही. बैलाला दुपारी सोडतो, सावलीत बांधतो, पेंड घालतो, आणि त्यामुळेच तो दुपारनंतर ओढतो. माणसाचे शरीर निराळ्या नियमाने चालत नाही.

खर्च किती?

पाण्याचाच हिशोब करू. उन्हात कष्ट करणाऱ्याने दर वीस मिनिटांनी एक पेलाभर, म्हणजे पाव लिटर पाणी प्यावे असा सल्ला आहे. तासाला पाऊण लिटर, आठ तासांचे सहा लिटर. दहा कोयत्यांच्या, म्हणजे वीस माणसांच्या टोळीला १२० लिटर. एक दोनशे लिटरचे झाकणाचे पिंप, एक तोटी आणि चार पेले, एवढाच सरंजाम. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ त्याहून जास्त घालू नये. साखर तर आपल्या घरचीच आहे.

आता दुसरी बाजू. समजा, कारखाना दिवसाला ५,००० टन गाळतो. म्हणजे तासाला सुमारे २०८ टन. जाणता फिटर किंवा पॅनमन आजारी पडला आणि नवख्या हाताच्या चुकीने तीन तास बंद पडले, तर सव्वासहाशे टन ऊस यार्डात आणि गाड्यांवर तसाच राहतो. तोडलेला ऊस जितका शिळा तितकी त्यातली साखर कमी. टोळीतली चार माणसे तापाने पडली की आपलीच तोडणी आठवडाभर पुढे जाते. औषधाचा खर्च वाचवून उतारा घालवणे हा कसला हिशोब?

कायदा काय सांगतो?

१९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्याला रुग्णोपचार खोली आणि अडीचशेहून अधिक असतील तर उपाहारगृह बंधनकारक केले होते. हा कायदा आणि इतर बारा कायदे एकत्र करून झालेली २०२० ची व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात ठरवून दिलेल्या वयाच्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करणे ही मालकाची जबाबदारी धरलेली आहे. आणि सहकारात मालक कोण, ते वर सांगितलेच आहे. ऊसतोडकऱ्यांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याने १० रुपये द्यायचे आणि तितकेच शासनाने घालायचे, असे ठरलेले आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक टनातून पैसा निघतो. तो तोडकऱ्याच्या दारापर्यंत पोचतो का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

सभासदांनी एवढे करावे

१. आपल्या फडात टोळी येईल त्या दिवशी पिण्याच्या स्वच्छ पाण्याचे पिंप भरून ठेवावे. विहिरीचे पाणी असेल तर क्लोरीनचे औषध टाकून.

२. बांधावर जुन्या साड्यांचा किंवा वाढ्यांचा आडोसा करून द्यावा. चार बांबूंचे काम आहे, पण बायकांचा दुवा मोठा मिळेल.

३. झाड असेल तिथे लहान लेकरांना बसायला जागा मोकळी ठेवावी. गाडी किंवा ट्रॅक्टर मागे घेताना आधी लेकरे कुठे आहेत ते पाहावे.

४. लवकर तोड व्हावी म्हणून ऊस पेटवू नये. धूर तोडकऱ्याच्या छातीत जातो आणि जळका ऊस आपल्यालाच नुकसान देतो.

५. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये, मांत्रिकाकडे तर मुळीच नेऊ नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि थेट प्रतिविषाची लस असलेल्या दवाखान्यात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. ती कोणत्या दवाखान्यात आहे, हे हंगामाआधीच विचारून ठेवावे.

६. आजारी बाईला किंवा बाळंतिणीला खाड्याचा दंड लावू नये, असे आपल्या फडात आलेल्या मुकादमाला सांगावे. शेतकऱ्याच्या शब्दाला फडात वजन असते.

७. वार्षिक सभेत साखरेच्या भावाबरोबर आणखी चार प्रश्न विचारावेत. यंदा किती कामगारांची छाती, कान, डोळे, रक्तदाब आणि साखर तपासली? टाकीत उतरण्याची लेखी परवानगीची पद्धत पाळली जाते का? गाडीतळावर पाणी, दिवे आणि संडास किती? हंगामात कोप्यांवर डॉक्टर आणि आरोग्यसेविका किती वेळा गेल्या?

हे प्रश्न विचारायला डॉक्टरकी लागत नाही. शेअरचा दाखला पुरतो.

आपल्या वाडवडिलांनी शेअर गोळा करून सहकारी कारखाने उभे केले, तेव्हा एकच म्हणणे होते की कष्ट करणाऱ्याच्या घामाचा पैसा दुसऱ्याच्या तिजोरीत जाऊ नये. त्या वेळी तो कष्ट करणारा आपण होतो. आज आपल्या उसासाठी घाम गाळणारा बॉयलरपुढे आहे आणि आपल्याच बांधावर आहे. पुढच्या हंगामाची मोळी गव्हाणीत पडण्याआधी मिलबरोबर माणसांचीही तपासणी झालेली असावी, आणि पहिली टोळी फडात शिरण्याआधी बांधावर पाण्याचे पिंप भरलेले असावे. पहिली गोष्ट संचालक मंडळाकडून करून घ्यायची आहे. दुसरी आपल्या स्वतःच्या हातात आहे.